आमची गाडीपण एमएच ०९ च आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल रविवारच्या पुरवणीत तुम्ही कर्नाटकातल्या मंगळूरजवळच्या मुल्कीवर अख्खं पान छापलंत. फोटो झकास, मांडणी झकास आणि वर हे एवढ्या ठळक अक्षरात ‘कुणालाच माहीत नसलेलं सर्फिंगचं गाव’. आता अख्ख्या जिल्ह्यात पेपर वाटल्यावर ते कुणालाच माहीत नसलेलं कसं राहणार हा प्रश्न ऑफिसात एकालाही पडला नाही का? आणि माहीत नसायला काय, देशातला पहिला सर्फ क्लब तिथे २००४ पासून आहे, शेजारच्या ससिहित्लूला २०१६ च्या मे महिन्यात सर्फिंगची इंडियन ओपन स्पर्धा झाली. तुम्हाला माहीत नव्हतं म्हणा हवं तर.

मी चिडलोय त्याला कारण आहे. गेल्या डिसेंबरात मी, मिसेस आणि धाकटी लेक तिथे चार दिवस राहून आलो. निपाणी, हुबळी, यल्लापूर, अंकोला करत साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर, कंबरेचा पार भुगा झाला. राहायचं घर शांभवी नदीच्या काठाला माडाच्या बागेत, मागच्या दारी होडी बांधलेली. घरमालकीणबाई तुळू बोलणाऱ्या, हिंदी मोडकंतोडकं, आमचं कन्नड शून्य, पण पानात नीर दोसे आणि बांगड्याची आंबट-तिखट पुळीमुंची पडली की बोलायला सवड कुणाला असते.

रात्री नऊच्या आत तिथे सगळं सामसूम. तुमच्या लेखात या शांततेवर दोन पॅरेग्राफ कविता केलीय, पण मामला साधा आहे, सर्फिंग शिकवणारी पोरं पहाटे साडेपाचला उठतात. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो तोवर लाट स्वच्छ उभी राहते, दहा-अकरानंतर समुद्रावरचा वारा सुटला की सगळं पाणी विस्कटतं. म्हणून लवकर झोपतात, सकाळची ड्युटी असते त्यांना.

दुसऱ्या रात्री शेजारच्या खोल्यांत दोन गाड्या भरून आठजण उतरले आणि गॅसच्या टाकीएवढा स्पीकर सगळ्यात आधी खाली आला, बॅगा नंतर. गणपतीतला डॉल्बी कमी पडला असावा. अकरा वाजता एकजण अंगणात उभा राहून नदीला ‘जगात भारी कोल्हापुरी’ असं ओरडून सांगत होता, नदीने ऐकून घेतलं बिचारीने. बाई दोनदा बाहेर आल्या, हात जोडले, आवाज पाच मिनिटं कमी आणि परत तेच. तुम्ही विचाराल मी का नाही गेलो सांगायला. गेलो होतो की. दारातच ‘या की काका, बसा’ म्हणून ग्लास पुढे आला, मी आपला ‘बारीक करा जरा’ म्हणून परत आलो, त्यांना ते ऐकू गेलं की नाही देव जाणे.

सकाळी शिकवणारा पोरगा आला तो डोळे लाल करूनच. लेकीला वाळूवर बोर्डावर पालथं झोपवून उठायचं कसं ते दाखवत होता, ‘समोर बघ, पायाकडे नको’, आणि मधेच जांभई. मीपण पडलो पाण्यात, सात वेळा उठायचा प्रयत्न, सातही वेळा नाकात खारं पाणी, बरगड्या बोर्डाला घासून आठवडाभर शर्ट घालवेना, ते जाऊ दे.

नाश्त्याला बाईंनी विचारलं, ‘आप भी कोल्हापूर?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘नहीं, सांगली.’ मिसेस माझ्याकडे बघतच राहिली. बाईंनी एकदा अंगणात बघितलं, तिथे आमची गाडी उभी, एमएच ०९, कोल्हापूरचाच नंबर. काही बोलल्या नाहीत, माझ्या पानात अजून एक दोसा वाढला फक्त. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला याच्याहून जास्त काय लाज वाटायची? सांगलीकर वाचकांची माफी मागतो.

आता तुमच्या लेखकाला विनंती, लिहायचंच तर निदान बरोबर लिहा. ‘पहिल्या पावसात, जूनमध्ये शिकायला जा’ असं छापलंय. पावसाळ्यात तिथला समुद्र खवळलेला असतो, नवशिक्याला पाण्यात कुणी घालत नाही, शिकायचा मोसम ऑक्टोबर ते मे. वर ‘जूनमध्ये ताजी मासळी’! १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारी बंद, मग ताजी कुठली, बर्फातली. आणि ‘कोल्हापूरहून रेल्वेने सोयीचं’ हे वाचून तर हसावं का रडावं कळेना. १८९१ साली मिरजेहून रेल्वे आली तेव्हापासून कोल्हापूर म्हणजे शेवटचं स्टेशन, कोकण रेल्वेला जोडणारी वैभववाडीची लाईन दर बजेटला तुमच्याच पेपरातून धावते. तोवर आम्ही गगनबावड्याचा घाट उतरून कोकण रेल्वे गाठायची, हीच सोय का?

सगळ्यात वाईट म्हणजे चौकटीत त्या बाईंचा मोबाईल नंबर छापलाय. त्यांना विचारून छापलात का? आम्हाला दिवाळीनंतर परत जायचंय, म्हणून काल दुपारी फोन लावला तर एंगेज, चारला एंगेज, सातला एंगेज. रात्री एकदाचा लागला. आवाज थकलेला, नमस्कार वगैरे काही नाही, पहिला प्रश्न ‘कहाँ से?’

मी काय सांगितलं ते विचारू नका.

आपला,
एक जुना वर्गणीदार
राजारामपुरी, कोल्हापूर

ता.क. शब्दकोड्यात उभा ७ आणि आडवा ११ एकमेकांत बसत नाहीत. गेल्या रविवारीपण हेच.