‘जिवावर आलंय’ हे मशिनला कसं कळणार?

मा. संपादक,

मी सहा वर्षं मानसिक आधार देणाऱ्या एका हेल्पलाइनवर आठवड्यातून दोन संध्याकाळी फोन घेते. आता आमच्याकडे घाट घातलाय की कॉल सॉफ्टवेअरला ऐकवायचे, म्हणजे आमच्यातलं कोण नीट बोलतं आणि कोण नाही ते कळेल. माझा विरोध नाही हां. सुपरवायझर मॅडम ऐकून ऐकून किती कॉल ऐकणार? २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या तिघांनी अमेरिकेतले मेसेजवरून झालेल्या समुपदेशनाचे ८० हजारांवर संवाद असे तपासले, तर ज्यांच्याशी बोलून लोकांना बरं वाटलं ते समुपदेशक छापील वाक्यं कमी वापरत होते आणि अडचण समजली की पुढे काय करायचं तिकडे लवकर वळत होते. वाचून मलाच लाज वाटली, ‘मी समजू शकते’ हे मी एका कॉलमध्ये किती वेळा म्हणते देव जाणे.

पण ते सगळं इंग्रजीत, तेही टाइप केलेलं. इथे फोनवर बाई म्हणते ‘सकाळी उठायचं अगदी जिवावर येतं हो’, मग मशिन नुसता ‘जीव’ ऐकून आत्महत्येच्या धोक्याचा लाल दिवा लावणार का? ‘मरू दे’ तर आपण भाजी करपली तरी म्हणतो. आणि उलट, एका आजोबांनी कॉलभर शांतपणे फक्त जमिनीचे कागद कुठे ठेवलेत, कुणाचे किती द्यायचे राहिलेत एवढंच सांगितलं, मरणाचा एक शब्द नाही, आणि माझ्या पोटात गोळा आला. फोन चालू ठेवून शेजारच्या ताईंना खुणावलं. हे मशिनला शिकवायचं तर मराठी कॉल घेणाऱ्यांनाच बसवून शिकवावं लागेल, वऱ्हाडी, मालवणी सगळं धरून.

दुसरं परवानगीचं. अमेरिकेतल्या क्रायसिस टेक्स्ट लाइनने, म्हणजे संकटातल्या माणसांशी मेसेजवर बोलणाऱ्या हेल्पलाइनने, नावं काढलेला डेटा स्वतःची भागीदारी असलेल्या कंपनीला दिला होता, आणि ती कंपनी कस्टमर सर्व्हिसचं सॉफ्टवेअर विकायची! जानेवारी २०२२ मध्ये बोंबाबोंब झाली तेव्हा कुठे बंद केलं. नावं काढली म्हणून काय झालं, रडणं त्या माणसाचंच ना?

माझं म्हणणं एवढंच की संमती कॉलच्या शेवटी घ्या, माणूस जरा सावरल्यावर, साध्या मराठीत, आणि नाही म्हणाला तर रेकॉर्डिंग तिथल्या तिथे पुसा. आत्ता आमच्याकडे सुरुवातीलाच टेप वाजते, ‘हा कॉल रेकॉर्ड होऊ शकतो’, आणि ती संपायच्या आत काही जण फोन ठेवून देतात.

– एक समुपदेशक, पुणे