मग आई कुठे जाणार?

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, दुपार

प्रिय सुमे,

लेक बारा वर्षांची झाली, आता तिला जेन ऑस्टिन, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची ती इंग्रज कादंबरीकार, कशी वाचायला द्यायची, असं तू विचारलंयस. मंगळवारी पत्र आलं, तेव्हापासून उत्तर डोक्यात घोळतंय.

आमच्याकडे सुरुवात फार लहानपणी झाली. भाच्याच्या बारशाला कुणीतरी जेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीवरचं अंकओळखीचं पुस्तक आणलं. पुठ्ठ्याची जाड पानं, एक गाव, दोन श्रीमंत पुरुष, पाच बहिणी, असं करत करत शेवटच्या पानावर वर्षाचे दहा हजार पौंड. बाळ पान चोखत होतं आणि त्याची तेरा वर्षांची ताई मला म्हणाली, "मावशी, बाळाच्या पुस्तकात पैसे कशाला?"

मी तिला कादंबरीची गोष्ट सांगितली. पाच मुली, मुलगा नाही. वडील गेले की घर-जमीन सगळं दूरच्या चुलतभावाचं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग आई कुठे जाणार?"

सुमे, त्या प्रश्नातच अख्खी कादंबरी आहे गं. जेनचे वडील 1805 साली गेले, तेव्हा आई आणि दोघी बहिणींना स्वतःचं घर उरलं नाही. 1809 मध्ये भावानं चॉटन गावातलं घर दिलं, तोवर आज इथे, उद्या तिथे. म्हणून मुलांसाठी केलेली रूपांतरं चाळताना मी आधी घराचं काय केलंय ते बघते. नाच, झगे, रुसवेफुगवे ठेवायचे आणि घराची धास्ती काढून टाकायची, अशी पुस्तकं मला पोकळ वाटतात.

इबी झोबोईचं 'प्राइड' (2018), त्याच कादंबरीचं आजच्या काळातलं रूप, तसं नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली बुशविक वस्ती, बेनिटेझ घराण्यातल्या पाच बहिणी, आणि समोरचं पडकं घर नवंकोरं करून राहायला आलेलं श्रीमंत डार्सी कुटुंब. वस्ती महाग होत चाललीय, जुनी माणसं हटताहेत. भाचीला यातलं काहीही समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या गल्लीतला वाडा रीडेव्हलपमेंटला गेला, तेव्हा तिच्या मैत्रिणीचं बिऱ्हाड टेम्पोत चढताना तिनं गॅलरीतून पाहिलं होतं.

पण माझं ऐकशील, तर मोठ्या कादंबऱ्यांच्याही आधी लेकीला जेनचं पोरवयातलं लिखाण दे. बाराव्या वर्षाच्या आसपास तिनं लिहायला घेतलं. तीन वह्या आहेत. एका गोष्टीच्या नावात 'फ्रेंडशिप'चं स्पेलिंगच चुकलंय, आणि ते आजही तसंच छापतात! 1791 मध्ये, सोळावं सरायच्या आत, तिनं इंग्लंडचा इतिहास लिहिला. स्वतःला पक्षपाती आणि अडाणी इतिहासकार म्हणवून घेतलं, सनावळ्या फार थोड्या असतील हे आधीच बजावलं, आणि राजाराण्यांची चित्रं बहीण कॅसँड्रानं काढली. परीक्षेच्या आठवड्यात भाचीनं हे वाचलं आणि इतकी खळखळून हसली, की तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. जेन नावाची कुणी बाई तिला तेव्हा पहिल्यांदा आपल्या वयाची वाटली असेल.

दोन्ही पुस्तकं उद्या कुरिअरनं पाठवते. 'प्राइड'मध्ये घर सोडण्याचा भाग येतो, तिथे समासात पेन्सिलीनं 'आपला वाडा' असं लिहिलेलं दिसेल. भाचीचं अक्षर आहे, पुसू नकोस.

तुझी,
शमा