डिसेंबरचं तिकीट

माबू, केप ब्रेटन, कॅनडा

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

डिसेंबरचं तिकीट मी रद्द केलं आहे. फोनवर सांगताना आईचा गप्प झालेला आवाज मला सोसवला नसता, म्हणून लिहिते आहे. तिकीट महाग होतं, रजाही आठच दिवसांची होती. पण खरं कारण शिकणं हेच. उन्हाळाभर इथले फिडलवादक (फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच) पाहुण्यांसाठी वाजवत असतात. निवांत शिकवतात ते बर्फ पडल्यावर. मे महिन्यात नक्की येते, आंबे संपायच्या आत.

आई, घर ऊबदार आहे. पायात लोकरीचे मोजे असतात. तूरडाळ इथल्याच सिडनी शहरात मिळते, तुझं लिंबाचं लोणचं अजून अर्धी बरणी आहे. रात्री गरम भात-वरणच खाते, खरंच.

बाबा, आता तुमच्यासाठी. दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखातले लोक इथे वसले आणि त्यांची गेलिक भाषा इथल्या फिडलच्या गजात उतरली. त्यांची तारांची एक जुनी जुळवणी आहे, ‘हाय बास’. खालच्या दोन तारा एकेक पूर्ण स्वर वर चढवायच्या, हार्मोनियमच्या पट्ट्यांत सांगायचं तर: पांढरी पाचची सहा, पांढरी दोनची तीन. वरच्या दोन आहेत तशाच, सहा आणि तीन. म्हणजे काय झालं? सा-प-सा-प! तुमचीच जुळवणी, षड्ज फक्त पांढरी सहावर. रिकामी तार शेजारी गुंजत राहते, तानपुऱ्यासारखी.

तर कपाटावरची व्हायोलिनची पेटी काढा. स्टुलावर तुम्ही चढायचं नाही, शेजारच्या मुलाला सांगा. जुन्या तारा एकदम सगळ्या सोडू नका. दाब गेला की आतली उभी काडी पडते आणि ती बसवायला कारागीरच लागतो. एक काढायची, नवी लावायची, मग पुढची. पावसाळ्यात फुगलेली खुंटी पकडीने फिरवायची नाही, कोरड्या खोलीत चार दिवस ठेवा. खुंटी घसरत असेल तर किंचित खडू. तार जिथून खुंटीकडे वळते त्या खाचेत शिसपेन्सिल घासा, नाहीतर तार अडकते आणि झटक्याने तुटते. चढवताना तारांखालची घोडी पुढे झुकते, म्हणून दर थोड्या वेळाने दोन्ही हातांनी तिला सरळ करा.

गजाचं एक काम द्यायचंय. इथे एका मात्रेच्या जागी तीन घाव घेतात, त्याला ‘कट’ म्हणतात: दोन झटपट, तिसरा दुप्पट लांब. तीन विषम असल्यामुळे गजाची दिशा पूर्वीचीच राहते, पुढचा स्वर उलटा पडत नाही. सगळं मनगटातून. कोपर हलू लागलं की तिसरा घाव गिळला जातो. स्ट्रॅथस्पे नावाच्या चालीत अनेकदा छोटा स्वर आधी आणि लांब नंतर येतो. हा ठसका सावकाशच बसवा, घाई केली की दोन्ही सारखे होतात.

बडी मॅकमास्टर हे इथले मोठे वादक तुमच्यासारखेच रेल्वेतले, स्टेशनवर नोकरी केलेले. निवृत्तीनंतर ते देशोदेशी वाजवत फिरले. २०१४ मध्ये गेले. १९७१ मध्ये सीबीसी या कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या एका माहितीपटाने ही परंपरा संपत चालल्याचं म्हटलं होतं. पण १९७३ मध्ये इथल्याच ग्लेनडेलला शंभराहून जास्त फिडलवादक जमले. बाबा, तुमची बोटं फक्त आखडली आहेत.

आई, तुलाही काम आहे. इथे नवं विणलेलं लोकरी कापड ओलं करून लांब मेजावर सगळे मिळून आपटत, म्हणजे ते आटून घट्ट व्हायचं. एकजण कडवं म्हणे, बाकीचे ध्रुवपद उचलत. आता कापडापेक्षा गाण्यांसाठीच जमतात. ऐकताना मला आजीचं जातं आठवतं. आजीच्या ओव्या तुझ्याशिवाय कुणाला येत नाहीत. फोनमध्ये भर, रोज दोन, पंखा बंद करून. आवाज कापरा आला तरी पुसू नकोस, मला तोच हवा आहे.

रक्तदाबाची गोळी सकाळीच, चहाआधी. गुडघ्याचा पट्टा बाजारात जाताना हवाच. आणि बाबा, वाजवून झालं की गज सैल करून ठेवा. रविवारी सकाळी आठला फोन करते, तोवर निदान खालची सा लावून ठेवा.

तुमची,
मनू