उजव्या बाजूची गिटार

काका, सप्रेम नमस्कार.

पत्र असं उघड्यावर लिहितोय, कारण तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. नागपुरात बर्डीवरचं तुमचं दुरुस्तीचं दुकान बंद झालं आणि तुम्ही मुलाकडे मानेवाड्याला राहायला गेलात, एवढंच शेजारच्या चहावाल्याकडून कळलं. कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवेलच.

1998 चा मे महिना. महालातून सायकल हाणत, डोक्याला दुपट्टा बांधून एक पोरगं तुमच्याकडे वॉकमन घेऊन आलं होतं. त्याआधी एका चकचकीत दुकानात मी 120 रुपये मोजून आलो होतो. त्यांनी हेडफोन बदलून दिला; आजार तसाच. आत कॅसेट होती नव्वद मिनिटांची, पुण्यात शिकणाऱ्या मावसभावानं भरून दिलेली. ए बाजूला न्यूयॉर्कच्या रमोन्स या पंक रॉक बॅण्डचा 1976 चा पहिला अल्बम, 14 गाणी, जेमतेम 29 मिनिटं. ती मी वर्षभर ऐकत होतो आणि माझी ठाम समजूत होती, की पंक म्हणजे ड्रम, घुमणारा बेस आणि नाकातून गाणारा एक माणूस. कॉलेजात सांगतही सुटलो होतो की या लोकांनी गिटारच काढून टाकली, काय हिंमत आहे!

तुम्ही हेडफोन कानाला लावला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणालात, "पोट्ट्या, याची उजवी बाजू मेली हाय. तू वर्षभर आधंच गाणं आयकलं."

चार स्क्रू काढलेत. जॅकजवळचा सोल्डरचा टाका तडकलेला होता. तुम्ही डाग दिलात, स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसलंत, मग वॉकमन तुमच्या टेबलावरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलात आणि बॅलन्सचं बटण आधी पूर्ण डावीकडे फिरवलंत. माझं ओळखीचं गाणं आलं. मग पूर्ण उजवीकडे. त्या क्षणी मी स्टुलावरून उठलो होतो, तुम्ही हसला होतात. करवतीसारखी एक गिटार, न थांबता, कूलरच्या आवाजावर मात करून.

तो अल्बम मुद्दामच तसा मिक्स केलेला होता, हे मला फार उशिरा कळलं. बेस डावीकडे, गिटार उजवीकडे, गाणारा आणि ड्रम मधोमध. सगळा अल्बम मिळून खर्च सुमारे 6,400 डॉलर, म्हणजे त्या काळच्या रॉक अल्बमच्या मानानं चहापाणीच. त्यांचा गिटारवाला जॉनी रमोन हात फक्त खालच्या दिशेनंच मारायचा, वर येताना तार छेडायचाच नाही. त्यामुळे तो आवाज करवतीचा होतो. करून बघा, मनगट एका गाण्यात भरून येतं. सगळी गाणी एकसारखीच वाटतात ही तुमची तक्रार मला मान्य आहे, पण पंधरावं गाणं असतं तर तेही मी थांबवलं नसतं.

बी बाजूला लंडनच्या द क्लॅश या बॅण्डचा 'लंडन कॉलिंग' होता. जोडअल्बम, तासाभराहून मोठा. कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांची. मध्येच खट्कन बंद. त्याचं शेवटचं गाणं इतक्या उशिरा घातलं गेलं, की कव्हरवरच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. ते माझ्या कॅसेटवरही नव्हतं, ही माझी फुशारकी. या अल्बमाची गंमत अशी, की पंकवाले म्हणून ओळखले जाणारे हे लोक त्यात जमैकाचं रेगे वाजवतात, जॅझच्या वळणानं जातात, जुन्या रॉक अँड रोलला सलाम ठोकतात आणि तरी कुठे पाहुण्यासारखे वाटत नाहीत. कव्हरची झेरॉक्स मी तुम्हाला दाखवली होती. न्यूयॉर्कच्या स्टेजवर क्लॅशचा पॉल सिमोनन स्वतःचा बेस, म्हणजे बेस गिटार, जमिनीवर आपटतोय, तो 1979 चा फोटो. फोटो काढणाऱ्या पेनी स्मिथला तो नीट फोकसमध्ये नाही म्हणून छापायचा नव्हता. तुम्ही मात्र भलतंच विचारलंत, "मंग तो बेस सुधरवला कोनं?" तेव्हा उत्तर नव्हतं, आता आहे. कुणीही नाही. मोडका तसाच प्रदर्शनात मांडला गेला.

त्या उन्हाळ्यात मी काही ना काही बिघडवून तुमच्याकडे येतच राहिलो. सेक्स पिस्टल्स तुम्हाला आवडले नाहीत. मलाही तो 1977 चा अल्बम लोक म्हणतात तेवढा रांगडा वाटत नाही. त्यांच्या गिटारवाल्या स्टीव्ह जोन्सनं गिटारीवर गिटारी रचल्यात, बराचसा बेसही त्यानंच वाजवलाय. बंडाची कीर्ती मोठी, आत मात्र गवंडीकाम चोख. तुम्हाला आवडलं ते एक्स-रे स्पेक्स या बॅण्डचं, 1978 चं. इतवारीच्या बॅण्डपार्टीत क्लॅरिनेट वाजवलेल्या माणसाला त्यातला सॅक्सोफोन न आवडता तर नवल. वरातीत पुढे घुसणाऱ्या पोरासारखा तो गाण्यात घुसतो. गाणारी मुलगी पॉली स्टायरीन, दातांना तारा लावून स्टेजवर उभी राहायची आणि बाजारातल्या प्लास्टिकच्या जगण्यावर ओरडायची. हे नाव म्हणजे आपला थर्माकोल, असं मी सांगितल्यावर तुम्ही हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवून हसलात. "पोरीनं सोताचं नाव थर्माकोल ठेवलं!"

एक सांगायचं राहून गेलं होतं. बॅड ब्रेन्स नावाचा वॉशिंग्टनचा कृष्णवर्णीय पोरांचा बॅण्ड आहे. 1982 चा त्यांचा पहिला अल्बम आधी फक्त कॅसेटवर निघाला होता. तबकडी नाही, काही नाही. विजेच्या वेगानं जाता जाता मध्येच संथ रेगे सुरू होतो, ऐकणाऱ्याला टेप अडकली की काय असं वाटावं. तुमच्या दुकानात हा वाजायला हवा होता.

तुम्ही तेव्हा 35 रुपये घेतलेत आणि सिगारेटच्या पाकिटामागे लिहून दिलंत : टाका 1, हेड साफ, बेल्ट चांगला. ते पाकीट माझ्याकडे आहे. बझकॉक्स या पंक बॅण्डनं 1977 मध्ये उसने पैसे घेऊन स्वतःच चार गाण्यांची तबकडी काढली, तिच्या कव्हरवर कुठलं गाणं रेकॉर्डिंगच्या कितव्या टेकला झालं, वरून काय जोडलं, हे छापलंय. मला ती पाहताना तुमचं पाकीटच आठवतं. पुढल्या खेपेला तुम्ही गन माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आता तू मार टाका, मी चा पितो." बोट भाजलं. डाग अजून आहे.

वॉकमनही अजून आहे. गेल्या आठवड्यात रमोन्स लावला तर गिटार आहे, बेस गायब. यंदा डावी बाजू गेलीय. मी स्वतः उघडून दोन टाके मारले, जमलं नाही. रविवारी मानेवाड्याला येऊ का? कॅसेट आणि वॉकमन दोन्ही आणतो. तर्रीपोहेही आणतो, तिखट तुम्हाला अजून चालत असेल तर.

तुमचा,
महालातला पोट्टा