लसीचं तेवढं बघ

लालबाग,
रविवार रात्र

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज आला आणि जीव भांड्यात पडला. टॅक्सीत ड्रायव्हरसमोर मी लसीचा, एचपीव्ही या कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरच्या लसीचा, विषय काढायला नको होता. “आई, मी यावरच पीएच.डी. करतेय, मला शिकवू नकोस,” म्हणालीस आणि माहीमपासून खिडकीबाहेर बघत बसलीस. आता या पत्रात त्यावर एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलेय.

संध्याकाळी गॅलरीत कपडे काढताना चिमटा हातात आला आणि तुझी ती शिकवणी आठवली. दोरीवरचा बाबांचा टॉवेल दाखवून म्हणाली होतीस, “हा टॉवेल म्हणजे ई-टू-एफ, पेशीला विभाजनाला लावणारं प्रथिन, आणि त्याला धरून ठेवणारा चिमटा म्हणजे आरबी, तेही प्रथिनच.” विभाजनाची वेळ झाली की पेशी स्वतःच चिमटा सैल करते, एरवी नाही. एचपीव्हीचं ई-७ हे प्रथिन तो चिमटाच ओढून काढतं, मग पेशी थांबायचं विसरते. बिघाड दिसला की पेशीला अडवणारं आपलं प्रथिन पी-५३, त्याची विषाणूचं दुसरं प्रथिन ई-६ विल्हेवाट लावतं. हे सगळं व्हायला दहा-दहा, वीस-वीस वर्षं लागतात, हे ऐकून मी टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले होते. कारण माईमावशी.

तिच्या अंगावरून जात होतं आणि ती सगळ्यांना सांगायची, पाळी जायच्या वयात असं होतंच. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हे शब्द आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारले नाहीत. शेवटच्या गणपतीत ती पाटावर बसून मोदकांना कळ्या पाडत होती, मध्येच उठून आत गेली. साडी बदलून आली आणि पुन्हा बसली. मी पाहिलं होतं गं. विचारलं नाही.

म्हणून तू माझ्या मागे लागलीस तेव्हा मी निमूट तपासणीला गेले. सिस्टरने पिशवीच्या तोंडाला व्हिनेगर लावलं आणि मिनिटभर घड्याळाकडे बघत थांबली. पांढरा डाग उठला नाही, म्हणजे काळजीचं काही दिसलं नाही. त्या मिनिटात मला माईच दिसत होती. रात्री तू सांगितलंस, टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये हीच तपासणी करून दाखवली, दीड लाख बायकांचा अभ्यास होता, आणि तपासणी झालेल्यांत या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. सांगताना तुझा चेहरा असा उजळला होता की बाबांनी टीव्ही बंद केला.

मग तूच का टाळतेस? आईची तपासणी वेळेवर आणि स्वतःची लस “बघू नंतर”! संसर्गाच्या आधी घेतली तर खरा उपयोग, हे तुझेच शब्द. पंधराव्या वर्षानंतर तीन डोस लागतात, सहा महिने जातात. तुझं सव्विसावं जवळ आलं. लस घेतली तरी पुढे तपासणी चुकवायची नाही, हेही...

बघ, पुन्हा तेच. रागावू नकोस. मी काही तुझ्या आयुष्यात डोकावत नाहीये, तसं वाटलं असेल तर माफ कर. पण माईला विचारलं नव्हतं, म्हणून तुला दहादा विचारते.

जर्मनीतल्या ज्या संस्थेत तू गेलीस, ती झूर हाउझेन यांनी १९८३ ते २००३ सांभाळली, या कॅन्सरमागचा विषाणू शोधल्याबद्दल २००८ साली त्यांना नोबेल मिळालं, हे मी चाळीत सगळ्यांना सांगितलंय. खालच्या काकूंना तर दोनदा. हायडेलबर्ग हा शब्द आता मला न अडखळता येतो.

थंडीत कानाला बांध. लसणीची चटणी निळ्या पिशवीत आहे, मेतकूट बुटांच्या बाजूला.

शनिवारी बाळूमामाच्या चिनूला लसीला घेऊन जातेय, तिला अकरावं लागलं. मामी आधी नकोच म्हणत होती. तिला गॅलरीत नेलं आणि चिमटा काढून दाखवला. तुझी तारीख ठरली की तेवढी कळव.

तुझी,
आई