एक नोव्हेंबरच्या आधी

नाशिक,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय अमोघ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास, त्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. बाबा म्हणाले, मेसेज टाक. पण मेसेजला तू "बरं" म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून पत्र. प्राजक्ताला मेल करते आहे, तिला म्हटलंय प्रिंट काढून हातात दे.

मुद्दा एकच आहे. घर स्टॉकहोमहून गोथेनबर्गला नेलंस, तर पत्त्याच्या सरकारी नोंदीतलं नावही ने.

तुझा मित्र म्हणतो की स्टॉकहोमच्या त्याच्या पत्त्यावर नाव एक नोव्हेंबर उलटेपर्यंत राहू दे. त्याचा हिशेब बरोबर आहे. मी वही घेऊन बसले आणि स्वीडनच्या करखात्याची, स्कात्तेवेर्केतची, इंग्रजी पानं वाचून ताडून पाहिला. १ नोव्हेंबरला माणसाचं नाव ज्या कोमूनच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, नोंदीत असेल, तिचाच कराचा दर पुढचं अख्खं वर्ष लागतो. गोथेनबर्ग कोमूनचा यंदाचा दर २१.१२, वर तिथल्या रीजनचा, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेचा, ११.४८, मिळून शंभराला ३२.६०. स्टॉकहोमचे दोन्ही मिळून साडेतीसच्या आसपास. नोकरदारांना जी सवलत मिळते ती धरली की तुझ्या पगारावर महिन्याला पाच-सहाशे क्रोनांचा फरक. आपल्या पाच हजारांच्या घरात. घर हलवण्यात तुझं किती गेलं ते प्राजक्ताने सांगितलंय, त्यामुळे ही रक्कम किरकोळ आहे असं मी म्हणणार नाही.

पण तू आता तिथे राहत नाहीस ना. राहता पत्ता बदलला की आठवड्याच्या आत कळवायचं, असा तिथला नियम आहे. आणि खोटा पत्ता ठेवणं हा २०१८ पासून तिथे पुन्हा गुन्हा आहे. दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद. परवा तू म्हणालास, "कोण बघतंय आई." हे वाक्य मी घरपट्टीत असताना नोकरीभर ऐकलं रे.

पंचवटीतला तो वाडा तुला आठवतो का, आपण सुट्टीत तिथे बोरं घ्यायला जायचो? मालक दरवर्षी मला सांगायचे, भाडेकरू कुणी नाही, पाहुणे आहेत. भाड्याने दिलं म्हटलं की घरपट्टी वाढते, म्हणून. पाहुणे इतकी वर्षं होते की त्यांची मुलं तिथेच शाळेत जाऊन मोठी झाली. मग २००८ चा गोदावरीचा पूर आला. आम्ही पंचनाम्याला गेलो तर त्या बाई दारात उभ्या, घरातलं सगळं ओलं, आणि हातात एकही कागद नाही. रेशनकार्ड गावाकडचं, भाडेपावती नाही, लाइटबिल मालकाच्या नावावर. मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तर मला कायम बघता." बघत होते मी. पण माझ्या बघण्याला त्या फॉर्मवर रकाना नव्हता. मालकाचे वर्षाचे काहीशे रुपये वाचले होते, त्यापायी त्या बाईंना मदतीच्या यादीत जागा नव्हती.

तिथे तर सगळंच त्या एका नोंदीवर चालतं. इराच्या बालवाडीचंच घे. जागा देण्याची जबाबदारी, नाव ज्या कोमूनमध्ये तिची. मागितल्यापासून चार महिन्यांच्या आत द्यायला ती बांधलेली आहे, आणि पहिल्या मुलाची फी घरच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांवर जात नाही. तू नाव स्टॉकहोमला ठेवलंस तर गोथेनबर्गमध्ये इराची जागा कशाच्या आधारावर मागशील? प्राजक्ताचे स्वीडिशचे वर्गही कोमूनच फुकट चालवते. महिन्याचे पाच हजार वाचवायला जाशील आणि पोरगी घरी बसेल, प्राजक्ताही घरी बसेल. आणि आणखी दीड-दोन वर्षांनी परमनंट राहण्याच्या परवान्याचा अर्ज करशील तेव्हा वर्तन बघतात म्हणे. तेव्हा हा पत्ता कुणी उकरून काढला तर? माणसाने सहीचा कागद निदान एकदा…

बघ, परत सुरू झाले. माफ कर. नोटीस लिहायची सवय रिटायर झाल्यावरही हातातून जात नाही. तू चाळिशीला आलास, घर चालवतोस, तुला हे कळत नाही असं नाही.

खरं म्हणजे तिथली पद्धत वाचताना मला बरं वाटलं. पगारातूनच शहराचा कर जातो, दर निवडून दिलेली माणसं ठरवतात, आणि शाळेत दुपारचं गरम जेवण प्रत्येक मुलाला. आम्ही मार्चअखेरीला वसुलीची यादी घेऊन जिने चढायचो, थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजवायची वेळ यायची, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी गटार तुंबल्याची तक्रार घेऊन खिडकीशी उभा. इथले लोक वाईट आहेत असं नाही. आपण भरलेल्या पैशाचं काय झालं हे त्यांना दिसत नाही. तुला तिथे ट्राममध्ये बसल्यावर दिसतं, इराला ताप आला आणि आरोग्य केंद्रात नेलं की दिसतं. ट्राम आणि दवाखाने रीजनच्या त्या ११.४८ मधून. मी हे शेजारच्या देशपांडे काकूंना समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, एवढा कर देतो म्हणजे पगार किती असेल! मी आकडा सांगितला नाही, पण छाती फुगली हे खरं.

म्हाताऱ्या माणसांच्या घरी मदतनीस पाठवतात, तेही कोमूनच. ते वाचलं आणि पुढचं पान उघडलं नाही.

जूनमध्ये तू वर्षाच्या कराचा तो शेवटचा कागद पाठवला होतास, प्रत्येक ओळीखाली मराठी लिहून. कोमूनचा कर, पेन्शनचं, रेडिओ-टीव्हीचं. त्यात एक ओळ होती, अंत्यविधी शुल्क. तू लिहिलं होतंस, "हे सगळ्यांनाच असतं आई, चर्चचा सभासद नसलो तरी." मी नंतर शोधलं. त्यात दहन येतं, पंचवीस वर्षांची जागा येते, कुठल्याच धर्माचं चिन्ह नसलेला हॉलसुद्धा येतो. म्हणजे चांगलीच सोय आहे. कुणाला तिथे आपलं माणूस नसलं तरी उघड्यावर पडत नाही. मला हे कौतुकानेच लिहायचं आहे.

पण तुझ्या नावाच्या कागदावर ती ओळ मला बघवली नाही. अशुभ लिहू नये, मला कळतं. तू चांगला शंभर वर्षांचा हो. आजोबांच्या वेळी तू रामकुंडावर पायरीवरून घसरलास आणि बाबांनी दंडाला धरून वर ओढलं, तेव्हा तू पाचवीत होतास. का कोण जाणे, तो कागद हातात असताना तेच डोळ्यांपुढे येत होतं.

जाऊ दे. पत्त्याचं बोलत होते.

२०२३ च्या जूनमध्ये गेलास, म्हणजे पुढच्या सप्टेंबरापर्यंत तिथल्या नोंदीत सलग तीन वर्षं पूर्ण झालेली असतील. मग नागरिक नसलास तरी कोमूनच्या आणि रीजनच्या निवडणुकीत तुला मत आहे. १३ सप्टेंबर २०२६. माझा मुलगा गोथेनबर्गच्या कराच्या दरावर मत देणार, हे मी बाबांना दोनदा सांगितलं. ते नुसते हं म्हणाले आणि पेपर वर धरला. मत दे. ज्या शहराला कर देतोस त्याच शहरात दे, दुसऱ्याच्या पत्त्यावरून स्टॉकहोमला नको.

तू परवा विचारलंस, "मी तिथे नाव घालावं असं तुला वाटतंय की घालू नये असं?" मी उत्तर दिलं नाही आणि तू फोन ठेवलास. उत्तर हे आहे की तिकडच्या प्रत्येक नव्या नोंदीबरोबर तू थोडा आणखी तिकडचा होतोस असं मला वाटतं, आणि तरीही नोंद खरी कर असंच मी सांगणार. परत येशील का, हे मी विचारणार नव्हते. विचारत नाही.

बाबांची शुगर ठीक आहे, काळजी करू नकोस. पैसे पाठवू नकोस, या महिन्यात तर अजिबात नको. वरच्या खोलीचं गळणं बंद झालं.

फराळ झाला की डबा पाठवणार आहे. चकली प्राजक्ताला आवडते तशी, इरासाठी बिनतिखटाची शेव वेगळ्या पिशवीत. कुरिअरवाला पक्का पत्ता मागतो, तेव्हा गोथेनबर्गचा पिनकोडसकट लिहून पाठव. बुधवारपर्यंत आला तर बरं.

तुझी,
आई