विषारी कूफी साप ओळखायला शिकवणाऱ्या सायप्रसच्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

पत्र मराठीत आहे, तुम्हाला आम्ही वाचून अर्थ सांगूच. पण पाफोस-लिमासोलकडे मळ्यांत, हॉटेलांत कामाला येणाऱ्या आपल्या पोरांनी ते वाचावं, म्हणून इथे लिहितोय.

अजून मन भरून येतं ते एकाच गोष्टीने. दगडी बांधातली ती कात तुम्ही कोमट पाण्यात भिजवून ताटलीत पसरलीत, डोक्याची बाजू आमच्याकडे फिरवलीत, भिंग हातात दिलंत आणि उत्तर न सांगता थांबलात. आम्हीच पाहिलं: डोक्यावर मोठे, ढालीसारखे खवले. म्हणजे कूफी नव्हे. कूफीच्या डोक्यावर बारीक खवल्यांची दाटी असते. कातीत डोळ्याची बाहुली कळत नाही, रंग राहत नाही, आणि ताणली गेल्याने ती सापापेक्षा लांब भरते. खवल्यांची मांडणी मात्र तशीच राहते.

याआधी कामावर आम्हाला एवढंच शिकवलं होतं: त्रिकोणी डोकं दिसलं की ठेचा. ज्यांनी हे शिकवलं त्यांनी एकदा तरी ड्रोपिस साप नीट पाहायला हवा होता! तो बिनविषारी, पाठीवर नाण्यांसारखे ठिपके; घाबरला की डोकं चपटं करून त्रिकोणी करतो आणि हुबेहूब कूफी वाटतो. पण त्याची बाहुली गोल, शेपूट लांब निमुळतं. कूफीची बाहुली उभी, अंग जाडजूड, शेपूट एकदम आखूड. नुसत्या बाहुलीवर जाऊ नये हेही तुम्हीच सांगितलंत, कारण मांजऱ्या सापाचीही बाहुली उभीच असते. तो सडपातळ, विषदंत जबड्यात मागे, माणसाला त्याचा त्रास सहसा होत नाही. (आपल्याकडेही मांजऱ्याला फुरसं समजून मारतातच.)

काळाभोर, चकचकीत, दोन मीटरच्या वर वाढणारा साप दिसला तर वाट सोडा. त्याला विष नाही. उंदीर खातो, कूफीसुद्धा खातो. त्याला मारणं म्हणजे कूफीला रान मोकळं करून देणं. त्याची पिल्लं मात्र राखाडी, ठिपकेदार असतात, तिथे फसायला होतं. ट्रूडोसच्या डोंगरातला सायप्रसचा स्वतःचा धावऱ्या साप तर जगात दुसरीकडे कुठेही नाही, आणि तोही याच भीतीपायी मरतो.

कूफी पळत नाही, रंगावर भरवसा ठेवून पडून राहते. उन्हाळ्यात संध्याकाळनंतर, ओढ्याकाठी, पाण्याच्या टाकीजवळ. म्हणून बूट, हातात बॅटरी, आणि दगडाखाली हात घालायचा नाही. चावलीच तर अंगठी-घड्याळ काढा, तो भाग हलवू नका, ११२ ला फोन करा. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं, बर्फ लावणं यांनी नुकसानच होतं. हिचं विष मांस नासवतं आणि रक्त गोठण्यात बिघाड करतं. घट्ट बांधलं की ते एकाच जागी कोंडून तिथलं मांस अधिकच सडतं. सापाला पकडायला वा मारायला धावू नका, लांबून फोटो मिळाला तर पुरे.

परक्या देशातून आलेल्या कामगारांच्या भीतीला तुम्ही हसला नाहीत, घाई केली नाहीत. अशी माणसं आहेत म्हणून अनोळखी मुलखातही माणूस टिकतो. काका, मनापासून आभार.

आपले,
मळ्यावरचे मराठी कामगार